हसवणारं भूत, घाबरवणारं भूत: किशोरांसाठी पहिली कादंबरी लिहिताना

किशोरांसाठी विनोदी भूतकथा लिहायला बसलेला नवा लेखक बहुतेक वेळा पहिल्याच पानावर भुताला विदूषक करून टाकतो. भूत जिन्यावरून घसरतं, दारावर आपटतं, स्वतःच्याच आवाजाला दचकतं. दोन पानं मजा येते. तिसऱ्या पानावर बारा-तेरा वर्षांचा वाचक पुस्तक मिटतो. या भुतापासून कोणालाच काही धोका नाही हे त्याला कळलेलं असतं, मग पुढचं प्रकरण वाचायचं कशाला?

माझं सगळं म्हणणं यातच आलं. भीती खरी ठेवा. विनोद तिच्याच खांद्यावर बसून येतो, वेळप्रसंगी तिचे कानही ओढतो, पण ती खाली पडली की तोही पडतो. हे जमवायचं कसं, ते मी एकच उदाहरण हातात धरून सांगतो. उदाहरण इथेच रचलेलं आहे. तुम्ही आपापलं रचा.

पायरी १: वाचकाला काय हवंय ते समजून घ्या

या पायरीवर थोडा जास्त वेळ काढा. पुढच्या सगळ्या पायऱ्या हिच्यावर उभ्या आहेत.

मुलांना थरार आवडतो म्हणून भुतं आवडतात, असं मोठ्यांना वाटतं. ते खरं आहे, पण पुरेसं नाही. बारा ते सोळा या वयात माणसाचं स्वतःचं शरीरच अनोळखी वागायला लागतं. आवाज मध्येच फाटतो, हातपाय अंदाजापेक्षा लांब होतात, काल जिवापाड आवडणारा खेळ आज पोरकट वाटतो. घरातली माणसं सकाळी म्हणतात, "आता तू लहान नाहीस" आणि संध्याकाळी म्हणतात, "तुला त्यातलं काय कळतंय!" भूतही असंच मध्ये अडकलेलं असतं, धड इथलं नाही, धड तिथलं नाही. म्हणून किशोर वाचकाला भुताची अडचण समजावून सांगावी लागत नाही. ती त्याला आधीच ठाऊक असते.

दुसरी गोष्ट विश्वासाची. आपण सांगतोय ते मोठ्यांना खरं वाटत नाही, हा या वयातला रोजचा अनुभव. भूतकथेत तोच अनुभव अक्षरशः घडतो. नायिकेला भूत दिसतं, बाकी कोणाला दिसत नाही, आणि तरीही तिचंच बरोबर असतं. यातलं समाधान फार मोठं असतं.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. या वयात हसणं ही ढाल असते. अंधारात सगळे मिळून भुताच्या गोष्टी सांगत असले की पहिला विनोद करणारा मुलगा बहुधा सगळ्यात जास्त घाबरलेला असतो. भीती वाटते हे मित्रांसमोर कबूल करणं जड जातं. विनोदी भूतकादंबरी त्याला त्यातून वाट काढून देते. "मी हसायला वाचतोय," असं म्हणून तो पुस्तक उघडतो आणि घाबरायचं ते मनसोक्त घाबरून घेतो. मी मुलांना अशा गोष्टी वाचून दाखवतो तेव्हा हे दर वेळी दिसतं. हशा ओसरल्यावर वर्गात जी शांतता पसरते, ती नेहमीच्या शांततेपेक्षा वेगळी असते.

आता कागद घ्या आणि एकाच प्रश्नाचं उत्तर लिहा: तुमचा नायक किंवा नायिका काय लपवतेय? "ती शूर आहे", "ती हुशार आहे" असली उत्तरं खोडून टाका. आपल्या उदाहरणातली ऋतुजा तेरा वर्षांची आहे आणि ती सारखी बारीकसारीक खोटं बोलते. "अभ्यास झाला." "मी ठीक आहे." "मला राग नाही आला." कोणाचं वाईट करण्यासाठी नाही, पुढचे प्रश्न टाळण्यासाठी.

पायरी २: भुताला एकच नियम द्या

हा नियम नायिकेच्या त्या लपवण्यावर नेमका बोट ठेवणारा हवा.

नियमातून कथा कशी चालते, याचं आपल्या ओळखीचं उदाहरण वेताळाचं आहे. अकराव्या शतकात काश्मीरमध्ये सोमदेवाने रचलेल्या 'कथासरित्सागरा'त वेताळाच्या कथांची मालिका येते. राजाने प्रेत खांद्यावरून न्यायचं, पण वाटेत बोलायचं नाही. प्रेतात शिरलेला वेताळ गोष्ट सांगतो आणि शेवटी कोडं घालतो. उत्तर माहीत असून राजा गप्प बसला तर त्याच्या डोक्याची शकलं होणार, आणि बोलला तर वेताळ परत झाडावर. बघा, हा नियमच भीतिदायक आहे आणि हाच नियम विनोदी आहे. शेवटची खेप सोडली तर दर वेळी राजा योग्य तेच उत्तर देतो आणि दर वेळी त्याची पायपीट वाया जाते. एवढ्याशा नियमावर दोन डझन गोष्टी निघाल्या. वेताळ राजाची फिरकी घेतो, पण तो विदूषक नाही. ज्या साधूसाठी राजा राबतोय तोच त्याच्या जिवावर उठलाय, हे शेवटी वेताळच सांगतो आणि त्यातून सुटायची युक्तीही देतो.

आपलं भूत आहे दिगंबरपंत. दीडशे वर्षांपूर्वी वारले आणि तेव्हापासून एका लंबकाच्या घड्याळात अडकले. त्यांचा नियम असा: खोटं बोललेलं त्यांना ऐकूच येत नाही.

नियम चांगला की वाईट हे तपासायची माझी रीत साधी आहे. त्यातून एक हसू, एक भीती आणि एक आवंढा निघाला पाहिजे.

हसू असं. ऋतुजा फोनवर आईला सांगते, "जेवले. अभ्यासही झाला. आता झोपतेच आहे." फोन ठेवल्यावर पंत विचारतात, "जेवलीस ते समजले. पुढे एवढा वेळ नुसते ओठ का हलवलेस?"

भीती अशी. घरी एक पाहुणे येतात. बोलायला गोड, सगळ्यांना हवेहवेसे. अर्धा तास त्यांच्या गप्पा रंगतात, घर हसत असतं. पंत ऋतुजाच्या कानाशी हळूच विचारतात, "हे गृहस्थ बोलायला सुरुवात कधी करणार?"

दोन्ही ठिकाणी विनोदाची घडण एकच आहे. फरक एवढाच, की दुसऱ्या वेळी वाचकाचं हसू घशात अडकतं. नियमाकडून आपल्याला हेच हवं असतं.

आणि आवंढा. ऋतुजाची मैत्रीण तन्वी म्हणते, "मला काही झालं नाही गं." ऋतुजाला ते ऐकू येतं. पंतांना येत नाही. ते विचारतात, "ती मुलगी का गप्प आहे?"

नियम ठरला की त्याच्या कडा तपासा. एखादा माणूस चुकीचं बोलतोय, पण त्याला ते खरं वाटतंय, तर पंतांना ऐकू येईल? मी म्हणेन, येईल, कारण खोटं हे जाणूनबुजून बोललेलं असतं. गाण्याचं काय? नाटकातल्या संवादांचं काय? थट्टेचं काय? या प्रश्नांची उत्तरं वहीत लिहून ठेवा, कादंबरीत सगळी आली नाहीत तरी चालेल. किशोर वाचक भोकं शोधण्यात पटाईत असतो आणि एक सापडलं की पुस्तकावरचा त्याचा विश्वास उडतो. नियम सात मात्र करू नका. भूत भिंतीतून जातं, मन वाचतं, वादळ उठवतं, रूप बदलतं असं सगळं देऊन बसलात तर संकट उरत नाही आणि गंमतही उरत नाही.

पायरी ३: भीती आणि हसू यांचा क्रम लावा

१९७० च्या दशकात डॉल्फ झिलमन या मानसशास्त्रज्ञाने एक सिद्धांत मांडला. एका भावनेने शरीरात जी उत्तेजना निर्माण होते, ती प्रसंग संपल्यावर लगेच विरत नाही. मागे उरते आणि पुढच्या भावनेला जोर देते. भीतीने छाती धडधडत असताना हसू आलं तर ते एरवीपेक्षा मोठ्याने येतं, याचं कारण त्यात सापडतं. लेखकासाठी यातून निघणारी सूचना अगदी व्यवहारी आहे: विनोद भीतीच्या शिखरानंतर लगेच ठेवा. शिखराआधी ठेवलात तर भीती चढतच नाही. फार उशिरा ठेवलात तर धडधड थांबलेली असते.

हे मिश्रण कोणी अलीकडे शोधून काढलेलं नाही. इंग्रजीतली पहिली गॉथिक, म्हणजे जुन्या किल्ल्या-वाड्यांतल्या गूढ भीतीची, कादंबरी म्हणून होरेस वॉल्पोलच्या १७६४ च्या 'द कॅसल ऑफ ओट्रँटो'चं नाव घेतात. तिच्या दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत वॉल्पोलने गंभीर प्रसंगांच्या शेजारी नोकरांची गमतीदार बडबड ठेवण्याचं समर्थन केलं आणि त्यासाठी शेक्सपिअरचा दाखला दिला. या परंपरेच्या उगमापासूनच हसू तिच्या सोबत आहे.

ऑस्कर वाइल्डची १८८७ ची 'द कँटरव्हिल घोस्ट' ही लांब कथा मिळवून जरूर वाचा. तीनशे वर्षं लोकांची झोप उडवणाऱ्या भुताच्या वाड्यात एक अमेरिकन कुटुंब राहायला येतं. रक्ताचा डाग ते डाग काढायच्या औषधाने पुसतात. साखळ्या वाजतात म्हणून भुताला वंगणाची बाटली देतात. जुळी मुलं त्याला उशी फेकून मारतात. हसून पुरेवाट होते. पण त्या भुताकडे नीट बघा. ते स्वतःचं काम जुन्या नटाच्या निष्ठेने करत असतं: वेश ठरवतं, प्रवेशाची तयारी करतं, फजिती झाली की मनापासून खचतं. आपण विनोदी आहोत हे त्याला शेवटपर्यंत ठाऊक नसतं. म्हणूनच पुढे ते घरातल्या मुलीपाशी कबूल करतं, की तीनशे वर्षांत आपल्याला झोप लागलेली नाही, तेव्हा त्याच वाचकाच्या डोळ्यांत पाणी उभं राहतं.

तुमच्या भुतालाही हेच लागू. पंतांना "ओठ का हलवलेस" हा प्रश्न विनोदी वाटत नाही. त्यांना खरोखरच कळत नाहीये.

आणखी एक पथ्य. विनोदाने संकट सोडवू नका. पाहुण्याच्या डोक्यावर फुलदाणी पडली आणि तो बेशुद्ध झाला, असं एकदा केलंत की पुढच्या साऱ्या पानांत वाचक कोणालाही भिणार नाही. संकटातून सुटका नायिकेच्या निर्णयाने व्हावी. विनोद त्या आधी किंवा नंतर.

पायरी ४: मोठ्यांना बाजूला सारा, पण मूर्ख ठरवू नका

आईवडील घरात असले तर ते पोलिसांना बोलावतील आणि साहस तिथेच संपेल, त्यामुळे त्यांना दूर ठेवणं भाग आहे. सगळे मोठे बावळट दाखवणं ही सोपी वाट झाली. त्यापेक्षा त्यांना त्यांचीच खरी कामं, खऱ्या काळज्या द्या. ऋतुजाची आई रात्रपाळी करते, एवढं पुरे. शिवाय एखादा मोठा माणूस अर्धवट विश्वास ठेवणारा असू द्या. संपूर्ण विश्वास किंवा संपूर्ण अविश्वास यापेक्षा "मला पटत नाहीये, पण तू घाबरलीयेस हे मला दिसतंय" असं म्हणणारा आजोबा कथेला जास्त उपयोगी पडतो.

पायरी ५: भुताची भाषा घडवा

मराठीत लिहिणाऱ्याच्या हाती इथे घबाड आहे. आपल्या भाषेत काळाचे थर स्पष्ट ऐकू येतात. "वर्तमान काय?" असं भूत विचारतं आणि मुलगी त्याला वर्तमानकाळाची उदाहरणं द्यायला लागते, कारण तिच्या लेखी 'वर्तमान' व्याकरणाच्या पुस्तकातच असतो. जुन्या माणसाला 'बातमी' म्हणायचंय. तू, तुम्ही आणि आपण यांच्यातही केवढी नाट्यं आहेत! पंत ऋतुजाला "मुली" म्हणतात, रागावले की "ऋतुजाबाई" म्हणतात. ती त्यांना "अहो पंत" म्हणते, आणि एका प्रसंगी तोंडातून "अरे पंत!" निघून जातं. ती जागा जपून वापरा. आजवर कोणी न ओलांडलेली रेघ तिने ओलांडलेली असते.

जुनी भाषा लिहिताना अतिरेक टाळा. प्रत्येक वाक्यात "जाहले" आणि "तुम्हांस" आलं तर वाचक पंतांचे संवाद गाळून पुढे जाईल. वाक्यात एखादाच जुना शब्द ठेवा आणि तो संदर्भावरून कळेल असा निवडा.

मुलांची बोली यापेक्षा अवघड. आज तोंडी असलेला शब्द पुस्तक छापून येईपर्यंत शिळा होतो, आणि मोठ्या माणसाने ओढूनताणून वापरलेला शब्द मुलांना लांबूनच ओळखू येतो. शब्दांच्या मागे लागू नका, ठेका पकडा. या वयातली मुलं अर्ध्यावर तोडून बोलतात, एकमेकांची वाक्यं पुरी करतात, "म्हणजे तसं नाही, पण" असं म्हणून नेमकं तसंच बोलतात. हा ठेका वीस वर्षांनीही जुना वाटणार नाही.

निवेदन कोणाचं, हेही याच पायरीवर ठरवा. नवख्याने नायिकेच्या तोंडून, प्रथमपुरुषी लिहावं असं मी सुचवेन, कारण तिला जे माहीत नाही ते वाचकालाही माहीत नसतं आणि भीती आपोआप जमते. भुताच्या तोंडून निवेदन मोहात पाडतं, पण फार पकड मागतं. जोनाथन स्ट्राउडने २००३ मध्ये 'द अम्युलेट ऑफ समरकंद' या कादंबरीत हजारो वर्षांच्या जिनाला निवेदक केलं आणि त्याच्या शेरेबाजीसाठी चक्क तळटीपा वापरल्या. गोष्ट वर पळत राहते, जिनाची बढाई खाली चालू राहते. ही युक्ती जमली कशी? त्या कादंबरीत एक मुलगा दुसरी बाजू सांभाळतो, आणि त्याची प्रकरणं तृतीयपुरुषी, गंभीर आहेत. नुसती शेरेबाजी असती तर तिचा कंटाळा आला असता.

पायरी ६: नियमाला वळणं द्या

साहसकथेचा आराखडा आखताना नवे लेखक घटनांची यादी करतात: पळापळ, भुयार, नकाशा, पुन्हा पळापळ. यादी करा, पण नियमाच्या वळणांची. पंतांच्या नियमाची वळणं मी अशी लावेन.

ऋतुजाला नियम कळतो आणि ती त्याचा फायदा घ्यायला लागते. कोण खोटं बोलतंय हे तिला आता घरबसल्या समजतं. त्यातून गमती होतात, आणि एका गमतीत तन्वी दुखावते, कारण तिने जे लपवलं होतं ते तिचं तिला सांगायचं होतं. मग पाहुणा येतो. मग तो नियम ओळखतो. इथे कथेचा मणका आहे: नियम कळल्यावर तो खोटं बोलणं थांबवतो आणि फक्त खरं बोलून फसवायला लागतो. "मी या घड्याळाची काळजी घेईन." घेणारच आहे, विकेपर्यंत. "ऋतुजाने तुमच्याबद्दल मैत्रिणीला सांगितलं." सांगितलंच होतं. पंतांना त्याचा शब्द न् शब्द ऐकू येतो आणि ते त्याच्यावर विश्वास ठेवतात. जो नियम आतापर्यंत ऋतुजाचं शस्त्र होता, तो तिच्यावर उलटतो.

शेवटी ती तळघरात कोंडली जाते. सवयीने ओरडते, "मी ठीक आहे! मी घाबरलेली नाही!" वर घड्याळापाशी काहीच पोचत नाही. पहिल्या पायरीवर कागदावर लिहिलेलं उत्तर आता कामाला येतं. "मला भीती वाटतेय," हे तिला आयुष्यात पहिल्यांदा मोठ्याने म्हणावं लागतं, आणि ते तेवढंच वाक्य वर ऐकू जातं.

तुमचा नियम वेगळा असेल, पण हा प्रश्न तोच: नियम नायिकेच्या विरुद्ध कधी जातो? याचं उत्तर मिळेपर्यंत लिहायला सुरुवात करू नका.

पायरी ७: काही हशे सोडून द्या

लठ्ठपणा, तोतरेपणा, चष्मा, कोणाची बोली, कोणाचा रंग यांवरचा हशा वर्गात पटकन मिळतो. पण ज्याच्यावर हसलं जातं तो मुलगाही तेच पुस्तक वाचत असतो, आणि तो या वयात आहे. असे विनोद पहिल्या खर्ड्यात आले असतील तर काढून टाका. मृत्यूवर विनोद चालतो, भूतकथेत तो टाळताच येत नाही. शोकावर नको. ऋतुजाचं नुकतंच कोणी गेलं असेल, तर पंतांनी त्या दिवशी गप्प बसावं.

पायरी ८: पहिलं प्रकरण, आणि लांबी

भूत पहिल्या प्रकरणात आलंच पाहिजे. घराचा इतिहास, गावाचं वर्णन, नायिकेची सगळी भावंडं हे नंतर. पहिल्या पानावर काहीतरी चुकतंय एवढंच कळू द्या: घड्याळ बंद आहे आणि तरी टोले पडतायत. पहिल्या प्रकरणाच्या शेवटी आवाज यावा. भूत पूर्ण दिसायची घाई नको, कारण दिसलं की त्याची अर्धी भीती ओसरते. ऐकू आलं की वाढते.

पहिल्या कादंबरीसाठी पंचवीस ते तीस हजार शब्दांचा अंदाज धरा, आणि प्रकरण एका बैठकीत संपेल असं, दीड-दोन हजार शब्दांचं. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी लटकवून ठेवलंच पाहिजे असं नाही. तीन प्रकरणं ओढून धरा, चौथ्यात श्वास घेऊ द्या.

पायरी ९: मोठ्याने वाचून दाखवा

खर्डा झाला की चार-पाच मुलांना समोर बसवा आणि मधली दोन प्रकरणं वाचा. पहिलं नको, पहिलं सगळ्यांचं बरं असतं. वाचताना हातात पेन्सिल ठेवा. जिथे हसतील तिथे खूण करू नका, ते तुम्हाला आठवेलच. जिथे हालचाल सुरू होते, कोणी खिडकीबाहेर बघतं, कोणी बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधतं, तिथे खूण करा. घरी येऊन खुणेच्या आधीचं पान वाचा. दोष बहुधा त्या पानात असतो: भीती विरघळलेली असते किंवा नियम विसरलेला असतो.

"आवडलं का?" असं विचारू नका. त्यांना नाही म्हणता येणार नाही. "पंत शेवटी जातात की राहतात, तुम्हाला काय वाटतं?" असं विचारा. त्यावर मुलं आपापसांत भांडायला लागली तर ऐकत बसा आणि शेवटचं प्रकरण त्या रात्रीच लिहायला घ्या.